पोहायला जागा द्या, बाकीचं आम्ही बघतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर एक बातमी अधूनमधून दिसायला लागलीये, आपल्याकडचे कुणी डॉक्टर, कुणी पोलीस खात्यातले, कुणी व्यापारी, गोव्याला नाहीतर परदेशात जाऊन ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत, पूर्ण करून आले, गळ्यात मेडल, हातात तिरंगा, आणि वर मोठा मथळा की अमुक झाले आयर्नमॅन. वाचून खरंच छान वाटतं, मी तर कात्रण कापून शाळेच्या फलकावर लावते. पण त्या बातमीत एक गोष्ट मला अजून एकदाही सापडली नाही. हा माणूस पोहायला कुठे शिकला आणि समुद्रात उतरायच्या आधी सराव कुठे करत होता? सायकल कितीची घेतली ते असतं, पहाटे किती वाजता उठायचे ते असतं, घरच्यांनी साथ दिली ते असतंच, पाण्याचं काही नसतं. आणि माझ्या मते खान्देशातल्या माणसाचं सगळं घोडं तिथेच अडतं, म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी यावल तालुक्यात शिक्षिका आहे, चाळिशी ओलांडलीये, घरची केळीची शेती आहे. गोव्याची अर्ध्या अंतराची शर्यत मी पूर्ण केलीये, पूर्ण अंतराची तयारी चालू आहे. त्यामुळे जे लिहितेय ते अंगावरून गेलेलं आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी अंतरं आपल्या भागातल्या हिशोबानं सांगते, म्हणजे डोळ्यासमोर येईल. आयर्नमॅनच्या पूर्ण शर्यतीत आधी ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, म्हणजे जळगावहून धुळ्याला जायचं आणि तसंच परत जळगावला यायचं, आणि सायकल ठेवली की ४२.२ किलोमीटर धावायचं, म्हणजे जळगावहून पळत भुसावळ गाठायचं आणि उलटं फिरून नशिराबादच्या आसपास यायचं. हे सगळं सलग, एकाच दिवसात, साधारण १७ तासांच्या आत. आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा असते, पोहणं २ तास २० मिनिटांत नाही झालं तर पुढची सायकल कितीही भारी असो, तिला हात लावायची वेळच येत नाही. अर्ध्या अंतराला हे सगळं निम्मं, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, साडेआठ तासांच्या आत.

हे सुरू झालं १९७८ मधे हवाई बेटांवर, अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून. तिथे आधीपासून एक समुद्रात पोहायची शर्यत होती, एक बेटाला सायकलनं फेरी मारायची होती, एक मॅरेथॉन होती. या दोघांनी तिन्ही एकापाठोपाठ एक जोडून टाकल्या. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांच्या वर लागले. यात एक गोष्ट बघा, पोहणं सगळ्यात पहिलं आहे. अंग ताजं असताना, डोकं शाबूत असताना पाण्यातून बाहेर काढायचं, कारण थकलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्यात बसायला जागा नसते.

आपल्या मराठी माणसांत या शर्यतीचं नाव घराघरात नेलं ते मिलिंद सोमण यांनी, २०१५ मधे झुरिचला पूर्ण अंतर केलं तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. सगळे म्हणतात बघा या वयात केलं, आणि ते कौतुक योग्यच आहे, पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते हे कुणी सांगत नाही. पुण्याचे कौस्तुभ राडकर, ज्यांनी आपल्या देशात कितीतरी लोकांना या खेळाला लावलं, ते पण मुळात जलतरणपटूच. म्हणजे पाण्याची भीती लहानपणीच संपलेली माणसं ही. सायकल पस्तिशीत शिकता येते, धावणं चाळिशीत सुरू करता येतं, मी स्वतः तेव्हाच केलं, पण पाण्याशी ओळख लहानपणी झाली नसेल तर मोठेपणी ती करून घ्यायला फार जड जातं आणि जागा नसेल तर होतच नाही.

आता आमच्याकडे सहनशक्ती कमी आहे का, तर अजिबात नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा आमच्या भागात केळीची कापणी थांबत नाही, मजूर खांद्यावर घड घेऊन बागेतून ट्रकपर्यंत दिवसभर ये-जा करतात, एकेक घड वीस किलोच्या आसपास, आणि चिखलातून चालायचं कारण बागेला पाणी दिलेलं असतं. त्यांच्या पायातली ताकद मी रोज बघते. पोरं दहा-बारा किलोमीटर सायकलवर शाळेत येतात. धुळ्या-नंदुरबारकडची, सातपुड्यातली पोरं चढावर जशी पळतात तशी मोठ्या शहरात जिमवाली पळत नाहीत. शेजारच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघं डॉक्टर, २०१५ मधे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या टीमनं नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, ४८०० किलोमीटरच्या आसपास, ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. म्हणजे रस्त्यावरचं काम आपल्या भागातल्या माणसाला जमतं.

सायकलचा सराव मी फैजपूर-सावदा-रावेर रस्त्यावर केला, पहाटे, केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत. चढासाठी पालचा घाट. सुरुवातीला बायका थांबून बघायच्या, आमच्या गल्लीतल्या आजी तर हात धरून म्हणाल्या, “कायले जीव जाळू राह्यली व माय, घरी काय कमी हाये का तुले?” आज त्याच आजी मी पहाटे उशीर केला तर विचारतात की आज का नाही गेली. माणसं बदलतात, वेळ द्यावा लागतो फक्त, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्या उन्हाचा पण उपयोग होतो, हे डॉक्टर मंडळी सांगतील. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर शिकतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे हृदयाचे ठोके तेवढे चढत नाहीत. फक्त एक फरक आहे जो मी इथल्या प्रत्येक नवीन पोराला सांगते. आमची हवा कोरडी, घाम आला की लगेच वाळतो, शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेव्हा कळतं की किती गेलं. गोव्याची हवा दमट, घाम नुसता गळत राहतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे तिथे ३१-३२ डिग्रीत पण अंग असं तापतं की जळगावचा ४२ बरा वाटावा. इथे उन्हात तयार झालेला माणूस तिथे जाऊन मला ऊन चालतं म्हणून सुरुवातीलाच सायकल दामटतो आणि धावताना मोडतो, असं मी डोळ्यानं बघितलंय. आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं, चक्कर, उलटी, फार झालं तर जीवावर बेतू शकतं. पाण्याबरोबर मीठ पाहिजेच.

खाण्याचा पण हिशोब असतो आणि त्यात आमचं केळं कामाला येतं. शरीरात साठवलेली साखर साधारण ४००-५०० ग्रॅम, जोरात काम केलं तर दोन तासांच्या पुढे मागे संपायला येते, म्हणून अशा शर्यतीत दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतं. मी सायकलच्या मागच्या खिशात बाजारातली जेलची पाकिटं ठेवते, पण बरोबर केळी आणि मीठ लावून उकडलेले बटाटे पण ठेवते, पोटाला सवय असलेलं अन्न सातव्या तासाला पण गिळता येतं.

आता पाण्याचं.

मी पोहायला शिकले आमच्या मळ्यातल्या विहिरीत. आप्पांनी कमरेला वाळका भोपळा बांधला आणि पायरीवरून सोडून दिलं, आमच्या पिढीतली बरीच पोरं आणि काही थोड्या पोरी अशाच शिकल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर गर्दी असायची, मोठी पोरं काठावरून सूर मारायची, लहान्यांना मोठी बघायची, कुणी फी घेत नव्हतं आणि कुणी सर्टिफिकेट देत नव्हतं. ती विहीर आज आहे, पण तळाला दगड दिसतात. यावल-रावेर पट्ट्यात केळीनं आम्हाला पैसा दिला हे खरं, आणि त्याच केळीसाठी आम्ही बोअरवर बोअर मारत गेलो हे पण खरं, भूजल खाली खाली गेलं, उघड्या विहिरी आटल्या, काही बुजवल्या, काहींवर जाळी टाकली. शेतीच्या नुकसानीवर खूप बोललं जातं, बोललंच पाहिजे. पण विहिरीबरोबर गावातलं पोहणं पण गेलं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आज माझ्या वर्गात मी विचारते की कुणाला पोहता येतं, तर हात अगदी मोजके वर येतात, आणि मुलींचे तर जवळजवळ नाहीच.

मग मी सराव कसा केला? एका नातेवाइकांच्या शेतात बारमाही पाणी असलेली मोठी विहीर आहे, तिथे. पण विहीर कितीही मोठी असली तरी पाच-सहा हात मारले की समोर भिंत येते, सलग पोहणं होत नाही. म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबचे पट्टे कापून त्याचा लांब रबरी दोर केला, एक टोक मोटेच्या जुन्या दगडाला, दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला, आणि जागच्या जागी पोहायचं, दोर मागे ओढतो, आपण पुढे ओढायचं. काठावर घरातलं कुणीतरी बसलेलं असल्याशिवाय मी कधी पाण्यात उतरले नाही. याने दंड मजबूत होतात, दम वाढतो, स्ट्रोक सुधारतो. पण दिशा बघून पोहायची सवय काही होत नाही. उघड्या पाण्यात स्विमिंग पूलसारखी तळाला काळी रेघ नसते, दर थोड्या हातांनी डोकं वर काढून लांबचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, शोधावी लागते, नाहीतर माणूस तिरका जातो आणि १.९ चे सव्वादोन किलोमीटर होतात. लाटेत श्वास कोणत्या बाजूला घ्यायचा, बाजूच्याचा पाय तोंडावर लागला तर काय करायचं, हे विहिरीत शिकता येत नाही. स्विमिंग पूल आमच्यापासून लांब शहरात, बायकांची बॅच ऐन शाळेच्या वेळेत, तिथे रविवारी जमेल तसं जायचे.

आणि आमच्या आजूबाजूला पाणी नाही का? हतनूर धरण आहे तापीवर, ४१ दरवाज्यांचं. वाघूर आहे. जळगावात मेहरूण तलाव, धुळ्याला नकाणे तलाव. सगळीकडे पोहण्यास सक्त मनाईची पाटी. एका जलाशयावर पहाटे दोन तास, स्वतःच्या जबाबदारीवर, मासेमारी करणाऱ्या भाऊंची होडी सोबत घेऊन, केशरी फ्लोट, म्हणजे हवा भरलेली तरंगती पिशवी, कमरेला बांधून सराव करू द्या म्हणून मी रीतसर अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून तिसऱ्या, शेवटी एक साहेब म्हणाले, “मॅडम, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?” मला त्या साहेबांचा राग नाही आला. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, दरवर्षी सुट्टीत पोरं बुडतात, विसर्जनाला बुडतात, त्याच्या बातम्या तुम्हीच छापता आणि पंचनामे त्यांच्याच खात्यांना करावे लागतात. पण पाटी लावून बुडणं थांबलंय का? पोरं पाटी असताना पण उतरतात, फक्त आता न शिकता उतरतात.

समुद्रात काय झालं ते सांगते, म्हणजे मी पाण्याचा एवढा हट्ट का धरलाय ते कळेल. गोव्यातला मिरामारचा किनारा, मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या शेजारी. पाणी गढूळ, हात पुढे टाकला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. थोडे थोडे जण पाण्यात सोडतात, तरी सुरुवातीला हातापायांचा गोंधळ होतोच. पहिल्या बोयाच्या अलीकडेच एक लाट तोंडावर आली, खारं पाणी नाकातोंडात गेलं, आणि छाती अशी आवळली की श्वास आत जाईना. दंड थकलेले नव्हते, पाय ताजे होते, विहिरीत यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मी सलग पोहले होते. तरी त्या क्षणी शरीर म्हणत होतं की संपलं. माझी मर्यादा मला त्या दिवशी सगळ्यात स्पष्ट दिसली ती तिथे, एकविसाव्या किलोमीटरला नाही.

बाजूला कयाकवर, म्हणजे छोट्या अरुंद होडीवर, जीवरक्षक होता. नियम असा आहे की कयाकला धरून थांबता येतं, फक्त तिने तुम्हाला पुढे न्यायचं नाही. मी धरलं, तो मुलगा शांतपणे म्हणाला ताई, तोंडाने हळूहळू श्वास सोडा, घाई नाही. मी सोडला, आणखी सोडला, छाती मोकळी झाली, मग काही हात ब्रेस्टस्ट्रोक, मग परत फ्रीस्टाइल, आणि दुसऱ्या बोयापर्यंत माझी लय लागली. बाहेर आले तेव्हा कटऑफला वेळ शिल्लक होता. तो कयाकवाला तिथे होता म्हणून मी माझ्या भीतीच्या पलीकडे जाऊ शकले, हे मी शंभर लोकांसमोर सांगायला तयार आहे. आणि हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास झालाय, एकूण १३५ घटना, त्यातल्या ९० पोहताना. सायकल नाही, धावणं नाही, पोहताना. तिकडे एवढे पूल, तळी, कोच असून ही परिस्थिती, मग थेट विहिरीतून समुद्रात जाणाऱ्या आपल्या माणसाचं काय ते तुम्हीच बघा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल कमी आहे. पाण्यातून पळत बाहेर, टोपी-गॉगल काढत, हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा मगच सायकलला हात लावायचा, नाहीतर दंड. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवत चालवता येत नाही, अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे ९० किलोमीटर तुमचा वारा तुमच्या छातीवर. मी ठरवल्यापेक्षा जरा हळूच चालवली, दमट हवेसाठी पाय राखून. खूप जण पुढे गेले, जाऊ दिले, त्यातले बरेच धावताना परत भेटले.

धावण्याचा शेवटचा भाग मात्र लिहिण्यासारखा आहे. सूर्य डोक्यावर, मांड्या दगड झालेल्या, आणि डोक्यात सतत एकच विचार की चालूया आता, कोण बघतंय. इथे एक संशोधन माझ्या कामाला आलं, २००४ मधे इंग्लंडमधल्या काही शास्त्रज्ञांनी सायकलपटूंना कार्बोहायड्रेटचं द्रावण नुसतं तोंडात फिरवून थुंकायला लावलं, पोटात थेंब जाऊ न देता, तरी तासाभराच्या जोराच्या सायकलिंगमधली त्यांची वेळ सुधारली, जवळजवळ तीन टक्क्यांनी. म्हणजे थांब असं सांगणारा आवाज नुसता स्नायूंचा नसतो, मेंदू पुढचा अंदाज बांधून आधीच ब्रेक लावत असतो, आणि त्याला भरवसा दिला तर तो ब्रेक थोडा सैल करतो. मी प्रत्येक पाण्याच्या टेबलाजवळ गोड पेयाचा घोट तोंडात घोळवायचे, मग गिळायचे, डोक्यावर पाणी ओतायचे, आणि पुढच्या टेबलापर्यंत धावायचं एवढंच ठरवायचे. टेबल ते टेबल. मोठा विचार केलाच नाही. असं करत करत शेवटची कमान आली, आणि तिथे मी रडले, मला त्याची लाज वाटत नाही.

इथे मला माझ्या पोरांसाठी एक गोष्ट ठामपणे लिहायचीय. या खेळाचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे १९८२ च्या हवाईच्या शर्यतीत ज्युली मॉस ही मुलगी पहिल्या नंबरवर असताना शेवटच्या काही अंतरात कोसळली आणि रांगत रेघेपर्यंत गेली, तेवढ्यात दुसरी मुलगी पुढे निघून जिंकली. तिच्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण आपल्याकडे तोच व्हिडिओ मोबाईलवर फिरतो आणि पोरांना वाटतं की कोसळेपर्यंत ओढणं म्हणजेच मर्यादा ओलांडणं. भर उन्हात पाणी न पिता पळणारी, भरतीच्या तयारीत चक्कर येऊन पडणारी पोरं मी आमच्याच मैदानावर बघते. मर्यादा सरकते ती महिनोनमहिने, थोडी थोडी, झोप घेऊन, खाऊन, कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी असताना. शर्यतीच्या दिवशी ती एकदम फोडायला गेलं तर माणूस फुटतो. तुमच्या मथळ्यांत ‘मृत्यूला हुलकावणी’, ‘जिवाची बाजी’ असे शब्द येतात, ते कृपया टाळा, कारण ते वाचणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ते खरं धरतो.

आता मागणी. हतनूर, वाघूर, मेहरूण, नकाणे, यापैकी कुठेही, निदान एका ठिकाणी तरी, पाणी स्थिर आणि पातळी सुरक्षित असेल त्या महिन्यांत, आठवड्यातून काही दिवस पहाटे दोन तास, काठाजवळ दोरी आणि बोयांनी आखलेला एक पट्टा द्या. पिण्याच्या पाण्याचा किंवा गाळाचा प्रश्न असेल तर दुसरी जागा बघा, पण जागा बघा. एक होडी लागेल, तिथेच जाळी टाकणाऱ्या भाऊंपैकी दोघा-तिघांना जीवरक्षकाचं ट्रेनिंग देऊन मानधन दिलं तर त्यांच्या घरात पण चार पैसे जातील, आणि त्या पाण्याची खोली, गाळ, ओढ त्यांच्याइतकी कुणालाच माहिती नाही. नावनोंदणी करा, डॉक्टरचं सर्टिफिकेट मागा, फ्लोटशिवाय कुणाला उतरू देऊ नका, आम्ही सगळे नियम पाळू. आणि मुलींसाठी कपडे बदलायला एक बंद खोली हवी, ती नसेल तर बाकी सगळं असून आमच्या मुली येणार नाहीत, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

हे फक्त आयर्नमॅन होऊ बघणाऱ्या पन्नास-शंभर लोकांसाठी आहे असं कुणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला, आणि शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असं ही संघटना सगळ्या देशांना सांगतेय. ज्या पट्ट्यात रविवारी ट्रायथलॉनवाले पोहतील त्याच पट्ट्यात सोमवारी सहावी-सातवीची मुलं शिकतील. दोघांना लागतं ते सामान एकच, दोरी, होडी आणि लक्ष ठेवणारा माणूस.

आपल्या पेपरला विनंती आहे की पुढच्या वेळी कुणी मेडल घेऊन आलं की त्यांना विचारा, पोहण्याचा सराव कुठे केला, आणि ते उत्तर छापा. तिन्ही जिल्ह्यांतल्या किती तालुक्यांत चालू असलेला स्विमिंग पूल आहे, त्यात बायकांची वेळ कोणती, ते आपल्या वार्ताहरांकडून एकदा काढून घ्या. आणि जलाशयात आखलेला पट्टा मागायचा असेल तर नेमका अर्ज कोणत्या खात्याकडे करायचा, हे संबंधितांना विचारून छापलंत तर माझ्यासारख्यांच्या चकरा वाचतील. परवानगी मिळाली तर रविवारी सकाळी मुलींना शिकवायला मी येईन, फी नको, माझ्या ओळखीच्या आणखी काही जणी पण तयार आहेत, रबरी दोर आणि फ्लोट आमच्याकडे आहेत.

आपली नम्र,
एक शिक्षिका, ता. यावल, जि. जळगाव